सोळा कोरी पानं

सुलोचनामावशींना उलटं वाचता यायचं. गंमत म्हणून पुस्तक उलटं धरून आपण दोन ओळी वाचतो, तसं नव्हे. अख्खी कादंबरी उलटी वाचायला दिली असती तरी त्यांचा वेग जराही कमी झाला नसता. हे मला पहिल्याच भेटीत कळलं आणि चांगलंच झोंबलं. नव्वद साल उजाडलं तेव्हा मी नाशिकमधल्या एका छोट्या प्रकाशनात मुद्रितशोधक म्हणून नुकती लागले होते. छापून झालेले कागद बांधणीसाठी भद्रकालीतल्या अन्वरभाईंच्या बाइंडिंगखान्यात जात, आणि काही अडलं की मला तिकडे पिटाळलं जाई. त्या दिवशी एका कादंबरीची मुद्रितं मांडीवर घेऊन मी अन्वरभाईंची वाट बघत बसले होते. समोर सतरंजीवर चाळिशीच्या एक बाई कागदांच्या घड्या घालत होत्या. हात घडीवर, नजर माझ्या मांडीवर.

"म्याडम, तिसऱ्या ओळीत त्या बाईचं नाव मालती हाय," त्या म्हणाल्या. "वरती तर मालिनी व्हतं."

ते पान मी दोनदा तपासून त्यावर सही केलेली होती. मी काहीतरी पुटपुटले, पेन काढलं आणि मालतीची मालिनी केली. बाईंनी मान हलवली आणि पुढचा कागद ओढला. सुलोचना पगारे यांच्याशी माझी ओळख झाली ती अशी.

उलटं वाचण्यात त्यांना काही विशेष वाटत नसे. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून पुस्तकाची सोळा पानं छापतात. सपाट कागदावर त्यातली निम्मी डोक्यावर उभी असतात आणि क्रमही भलताच असतो. कागदाला तीन घड्या घातल्या की सगळी सुलट होऊन ओळीनं लागतात. या सोळा पानांच्या जुडीला फॉर्म म्हणतात. मावशी नांदगावकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन नाशिकला आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ती पुढे वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात झाली, आणि सराव झाला तो या कागदांवर. त्यामुळे अक्षराला वर-खाली असतं हे त्यांच्या मनानं कधी घेतलंच नाही. "सरळ काय न् उलट काय, अक्षर तेच असतं," त्या म्हणायच्या. "आपुन कुठं बसलोय तेवढं ध्यानात ठेवायचं."

त्यांचं वाचन म्हणजे खराब्याचं वाचन. छपाई सुरू होते तेव्हा पहिले काही कागद फिकट येतात, काहींवर शाई फासली जाते. या सगळ्याला खराबा म्हणतात आणि तो रद्दीत जातो. अन्वरभाईंनी मावशींना मोकळीक दिली होती की खराब्यातून प्रत्येक पुस्तकाची एक प्रत जमवावी. मावशी ती जेवणाच्या सुट्टीत स्वतः शिवायच्या आणि घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. पण खराब्यात सगळेच फॉर्म मिळतील असं थोडंच असतं. एखादा मिळाला नाही, की मावशी तेवढ्याच आकाराचा कोरा कागद घ्यायच्या, त्याला रीतसर तीन घड्या घालायच्या आणि त्या जागी शिवून टाकायच्या. आपण असतो तर पुढचा फॉर्म मागच्याला जोडून मोकळे झालो असतो. मी त्यांना एकदा विचारलंही, की कोऱ्या पानांचा उपयोग काय.

"जागा ठेवायला नको का त्यांची? मधलं नाय म्हणून पुढचं मागं ओढलं, तर गोष्टीतली माणसं उगाच घाई करत्यात. कोरं पान आलं का आपल्याला कळतं, हितं काहीतरी झालंय, आपल्याला ठावं नाय एवढंच."

मग ते 'काहीतरी' त्या स्वतः रचायच्या आणि घड्या घालता घालता बाकीच्या बायकांना सांगायच्या. एका कादंबरीतली नायिका सासर सोडते आणि दोन प्रकरणांनंतर एकदम आत्मविश्वासानं परत येते. मधला फॉर्म मावशींना मिळाला नव्हता. त्यांनी तिला मालेगावला मावसबहिणीकडे पाठवलं, यंत्रमागावर कामाला लावलं, तिथल्या मुकादमाशी भांडायला लावलं आणि मग परत आणलं. मी मुद्दाम तो फॉर्म शोधून त्यांना नेऊन दिला. त्यात नायिका एका टेकडीवर बसून सोळा पानं विचार करत होती. मावशींनी तो वाचला, घडी मिटली आणि माझ्या हातात परत दिला. "माझंच बरं व्हतं," त्या म्हणाल्या.

पुस्तक आवडलं, की त्या म्हणत, "हाताला लागलं." न आवडलं, तर फक्त "चांगलंय." नवख्या माणसाला यातला फरक कळत नसे. एक कवी एकदा आपला संग्रह बघायला आले होते. मावशींनी त्यांना "चांगलंय" म्हटलं आणि ते खूश होऊन सगळ्यांना चहा पाजून गेले. तो चहा पिताना मला हसू आवरेना. आपल्यावरही ही पाळी येणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

कारण दरम्यान मी एक कादंबरी लिहीत होते. तिचं नाव इथे सांगत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती शोधू नये अशी इच्छा आहे. विषय होता पुस्तकांचं जग. आठ वर्षं त्या जगात काढल्यावर ते मला तळहातासारखं माहीत आहे, असा माझा समज होता. माझ्या कादंबरीत एक तत्त्वनिष्ठ म्हातारा प्रकाशक होता, एक तापट तरुण लेखक होता, जळफळणारा समीक्षक होता, पुरस्काराच्या समितीतलं राजकारण होतं. या सगळ्यांना पुरून उरणारी एक संपादिका होती, जी बरीचशी माझ्यासारखी होती आणि दिसायला माझ्याहून पुष्कळ बरी होती. आमच्या प्रकाशकांनी, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणत असू, हस्तलिखित वाचलं. दोन दिवस ते काही बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी "छापू या" म्हणाले. मी त्या दिवशी अशोकस्तंभाजवळच्या कार्यालयापासून घरापर्यंत चालत गेले. रिक्षात बसायचं भानच नव्हतं.

छापील कागद अन्वरभाईंकडे गेले आणि मी रोज काही ना काही निमित्त काढून तिथे जायला लागले. खरं सांगायचं तर समीक्षक काय म्हणतील याची मला तेवढी फिकीर नव्हती. ते काय म्हणतील हे मी कादंबरीत आधीच लिहून ठेवलं होतं. मला मावशींकडून "हाताला लागलं" ऐकायचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांबद्दल त्यांच्या तोंडून ते ऐकत आले होते. एकदा माझ्या पुस्तकाबद्दल ते ऐकलं असतं, तर आपण लेखिका आहोत यावर माझा विश्वास बसला असता. पहिल्या दिवशी त्या फॉर्म वाचताना दिसल्या. दुसऱ्या दिवशी वाचताना दिसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात नेहमीपेक्षा भराभर चालत होते आणि त्या वर बघत नव्हत्या.

"झालं का वाचून, मावशी?" मी न राहवून विचारलं.

"झालं की."

"मग?"

त्यांनी घडीवर बांबूची पट्टी फिरवली, फॉर्म थप्पीवर ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलंय."

मी घरी येऊन रडले. तिशी ओलांडलेल्या बाईनं एका शब्दासाठी रडावं हे हास्यास्पद आहे हे कळत होतं, तरी रडले.

प्रकाशन समारंभाच्या आदल्या दिवशी बांधणी पुरी झाली. आमच्याकडे रीत होती की पहिली प्रत खाकी कागदात गुंडाळून लेखकाला द्यायची. अन्वरभाईंनी ती मला दिली आणि म्हणाले, "मावशीने खास अपने हातसे शिवली आहे, मॅडम." मी मावशींकडे बघितलं नाही. संध्याकाळी घरी येऊन कागद सोडला, पुस्तक उघडलं, दोन-चार ठिकाणी चाळलं आणि एका जागी थांबले. एकशे बाराव्या पानानंतर पुस्तक कोरं होतं. एक पान, दुसरं, तिसरं... मोजली तर सोळा. मग एकशे तेरावं पान काही झालंच नाही अशा थाटात सुरू होत होतं. एका प्रतीत चूक आहे म्हणजे हजार प्रतींत असणार, आणि उद्या व्यासपीठावर पाहुणे नेमकं तेच पान उघडणार, हे चित्र मला स्पष्ट दिसायला लागलं.

सकाळी बाइंडिंगखाना उघडायच्या आधी मी दारात उभी होते. अन्वरभाईंनी माझा अवतार पाहिला आणि काही न विचारता थप्पीतून प्रती काढून उघडायला सुरुवात केली. वीस प्रती बघितल्या. सगळ्या ठीक. "एक बी गलत नाही," ते म्हणाले. "टेन्शन घेऊ नका." तेवढ्यात मावशी आल्या. डबा कोनाड्यात ठेवून त्या आपल्या जागेवर बसल्या.

"मावशी, माझ्या प्रतीत सातव्या फॉर्मनंतर कोरा फॉर्म शिवला गेलाय," मी म्हणाले.

"गेला नाय. म्या शिवलाय."

अन्वरभाई हळूच आतल्या खोलीत निघून गेले.

"तुमची गोष्ट लय हौशीनं घेतली व्हती, ताई," मावशी म्हणाल्या. "पुस्तकाच्या धंद्यावर हाय असं अन्वरभाई म्हनले. म्हनलं, आता आपलं काम येणार. पहिल्या फॉर्मपासून वाट बघत व्हते. लिहिणारा आला. छापणारा आला. नावं ठेवणारा आला. बक्षीसवाले तर चौघं आले. सातव्या फॉर्मात कागद छापखान्यात गेला, आन आठवा उघडला तर एकदम हारतुरे. मधी ते पुस्तक शिवलं कुणी?"

त्यांनी पुढचा कागद ओढला.

"आन ती तुमची बाई नवं पुस्तक उघडून शाईचा वास घेते. नव्या पुस्तकाला शाईचा वास नाय येत, खळीचा येतो. तुमी आठ वर्षं हितं येताय."

मावशींच्या मागे कोपऱ्यात खळीचं पातेलं होतं. मैदा शिजवून, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालून केलेली ती निळसर खळ तिथे रोज असे. तिचा वास रोज माझ्या साडीला लागून घरी येत असे. तो मी लिहिला नव्हता.

चूक कळली की माणूस आधी शहाणपणा करतो. मीही केला. "मावशी, कादंबरी म्हणजे कामाची यादी नसते," मी म्हणाले. "काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे लेखकाला निवडावं लागतं."

"हां," मावशी म्हणाल्या. "निवडलंच की तुमी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी समारंभ झाला. पाहुण्यांनी माझ्या कादंबरीला 'पुस्तकाच्या जन्माची साद्यंत कहाणी' म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मांडीवरच्या पर्समध्ये ती कोऱ्या पानांची प्रत होती. मी फुलं घेतली, आभार मानले, सगळं रीतसर केलं. पुढे परीक्षणंही बरी आली. पण मी ते पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा सातव्या फॉर्मच्या शेवटी अडकले. इतकी जाणती, इतकी संवेदनशील अशी ती माझी संपादिका, तिला दिसलं नाही की हे कागद कुठे जातात आणि कोणाच्या हातून परत येतात. मग तिचं बाकीचं शहाणपणही मला पोकळ वाटायला लागलं. माझ्याच कादंबरीनं माझी निराशा केली.

दोन महिने मी बाइंडिंगखान्यात फिरकले नाही. कामं फोनवर उरकली. मग एका शनिवारी दुपारी गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही. मावशींनी सतरंजीवर थोडी जागा केली. "बसा," त्या म्हणाल्या. "घडी घालता येती का बघू."

येत नव्हती. पानांचे आकडे एकमेकांवर आणायचे, मग दाबायचं, एवढं साधं काम, पण माझी घडी केसभर तरी सरकायचीच. मावशी ती उलगडून पुन्हा माझ्यासमोर ठेवायच्या. नंतर त्यांनी जुजबंदी शिकवली. प्रत्येक फॉर्मच्या घडीतून दोरा घालून तो शेजारच्या फॉर्मला जोडत नेण्याची ती शिलाई. माझ्या बोटांना सुया टोचल्या, पानांवर डाग पडले, आणि ते कागद खराब्यात गेले. "तुमच्यामुळं माझी पेटी भरणार," मावशी म्हणाल्या आणि पहिल्यांदा मनापासून हसल्या.

त्या शनिवारांत मी ती सोळा पानं लिहायचा प्रयत्न करत होते. पहिला खर्डा त्यांना वाचून दाखवला. त्यात एक गरीब बाई होती, तिचे हात भेगाळलेले होते आणि दिवा मिणमिणत होता.

"हिला काय झालंय?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. ती पुस्तकं शिवते."

"मग रडती कशाला? मला बिचारी करू नका, ताई. मी कामाला येते ते रडायला नाय येत. जेवायच्या सुट्टीत आमी काय हसतो ते लिहा. फॉर्म चुकला का अख्खी थप्पी कशी उसवावी लागती ते लिहा. काम लिहा."

मी तो खर्डा फाडला. पुढचेही बरेच फाडले. एकात त्या देवी झाल्या होत्या, तो मावशींनी पुरता ऐकूनही घेतला नाही. अशी वर्षं गेली. माझं लेखिका होणं त्या सोळा पानांशी अडून राहिलं होतं आणि ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. नवं शतक सुरू झालं. अन्वरभाईंनी पुस्तकाच्या पाठीला गरम गोंद लावून चिकटवणारं यंत्र आणलं, सतरंजीवरच्या बायका निम्म्या उरल्या. मावशींना मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, आणि त्यांनी काम सोडलं. सातपूरला मुलीकडे राहायला गेल्या. जाताना बांबूची पट्टी सोबत घेऊन गेल्या.

माझ्या कादंबरीची पहिली आवृत्ती संपायला नऊ वर्षं लागली. दुसरी काढायची ठरली तेव्हा मी आप्पांना म्हणाले, की सातव्या फॉर्मनंतर एक फॉर्म वाढवायचा आहे. "बरोबर सोळा पानं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. इतक्या मापात प्रकरण लिहिणारी लेखिका त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

त्या फॉर्मच्या छपाईतला एक फिकट आलेला कागद मी गुंडाळी करून घेतला, जुनी कोऱ्या पानांची प्रत पिशवीत टाकली आणि सातपूरला गेले. मावशींचं घर दोन खोल्यांचं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ती पत्र्याची पेटी. जाड चष्म्यातून मावशींनी मला पाहिलं आणि आधी हातातला कागद मागितला. तो फरशीवर पसरला आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसल्या. सुलट पान वाचलं, मग शेजारचं उलटं, मग पलीकडचं. मान तिरकी केली नाही की कागद फिरवला नाही. एक बाजू झाली, कागद पालथा केला, दुसरी वाचली. मी भिंतीला टेकून बसले होते. त्या प्रकरणात काही मोठं घडत नाही. एका शनिवारी चार बायका एक पुस्तक शिवतात, तिसऱ्या फॉर्मची जागा चुकते, थप्पी उसवावी लागते, त्या एकमेकींना शिव्या घालतात, डबा खातात आणि पुन्हा शिवतात. संपादिका दारात उभी राहून बघते आणि कोणी तिला बसायला सांगत नाही.

"दोऱ्याला मेण लावायचं ऱ्हायलं तुमचं," मावशी अखेर म्हणाल्या.

खरंच राहिलं होतं. शिवण्याआधी दोरा मेणावरून ओढतात, नाहीतर तो पिळतो. हे त्यांनी मला शंभर वेळा दाखवलं होतं. छापील दुसऱ्या आवृत्तीत ते मेण आजही नाही.

पण मावशी उठल्या. पेटीतून त्यांनी सुई, दोरा आणि मेणाचा तुकडा काढला. कागदाला तीन घड्या घातल्या, प्रत्येक घडीवर बांबूची पट्टी फिरवली. मग माझी जुनी प्रत घेऊन तिचं कव्हर सोडवलं, पाठीची वाळलेली खळ नखानं खरवडली आणि नऊ वर्षांपूर्वीची आपली शिलाई स्वतः उसवली. कोरा फॉर्म बाजूला निघाला. त्या जागी छापलेला बसवला. दोरा दोनदा मेणावरून ओढला, माझ्याकडे एकदा बघून घेतलं, आणि शिवायला लागल्या. पानांचे आकडे आता मागचेपुढचे जुळत नव्हते, कडाही किंचित बाहेर येत होत्या. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. शेवटची गाठ मारून त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला.

"हाताला लागलं," त्या म्हणाल्या.

मी रडले. या वेळी त्यांच्यासमोरच रडले आणि लाज वाटली नाही. मावशींनी मला रडू दिलं, चहा ठेवला. निघताना तो बाजूला निघालेला कोरा फॉर्म त्यांनी माझ्या हातात दिला. नऊ वर्षांत कागद पिवळट झाला होता, घड्या मात्र धारदार होत्या.

"हा टाकू नका," त्या म्हणाल्या. "पुढच्या पुस्तकातबी कोण ना कोण लिहायचं ऱ्हाणारच. आधीच जागा धरून ठेवा."

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी मावशी गेल्या. मी पुढे आणखी दोन पुस्तकं लिहिली. हस्तलिखित आप्पांकडे द्यायच्या आदल्या दिवशी मी तो कोरा फॉर्म टेबलावर काढून ठेवते आणि स्वतःला विचारते, कोण राहिलं? दोन्ही वेळा कोणीतरी राहिलेलं निघालं.